अनुभव धागा: मल्टिपल लिनिअर रिग्रेशन (अनेक चलांवरून एका राशीचा सरळ-रेषी अंदाज) तुमच्या प्रोग्रामिंग भाषेत कुठे अडतं?

डेटा सगळ्यांनी एकच घ्यायचा: लाँगली हा संच. अमेरिकेतला रोजगार, १९४७ ते १९६२, म्हणजे १६ नोंदी आणि रोजगाराचा अंदाज देणारी ६ चलं. ही चलं वर्षांबरोबर एकत्रच वाढत जातात, म्हणून त्यांचे परिणाम वेगळे काढताना कोडची कसोटी लागते. निस्टची (अमेरिकेची मानक संस्था) प्रमाणित उत्तरं: इंटरसेप्ट (स्थिर पद) −३४८२२५८.६३४६, आर-वर्ग (चढउताराचा चलांनी समजावलेला वाटा) ०.९९५४७९, रेसिड्युअलचं (खरा आकडा वजा अंदाज) प्रमाण विचलन ३०४.८५४.

आर
लाँगली इथे आयताच मिळतो. इंटरसेप्ट −३४८२.२५९ दिसेल; रोजगार हजारांऐवजी दशलक्षांत आहे, म्हणून हा फरक. 'एलएम' हे रिग्रेशनचं फंक्शन क्यूआर पद्धतीनं (मॅट्रिक्सचे दोन सोपे घटक पाडून) सोडवतं. एखादा रकाना बाकीच्यांपासून बनत असेल तर त्याच्यापुढे एनए (उत्तर नाही) येतो. बहुतेक वेळा सगळ्या डमी (गट दाखवणाऱ्या ०/१ च्या) रकान्यांची बेरीज इंटरसेप्टच्या (सगळे १ असलेल्या) रकान्याइतकी झालेली असते. असा रकाना ओळखायची मर्यादा, म्हणजे टॉलरन्स, मात्र १ई-७ (०.००००००१) आहे. निस्टच्या फिलिप संचावर (८२ नोंदी, दहाव्या घाताची बहुपदी) एक पद त्यामुळेच गळतं. टॉलरन्स १ई-१० दिला की परत येतं.

पायथन
स्टॅट्समॉडेल्स लायब्ररीच्या 'ओएलएस'ला थेट मॅट्रिक्स दिलं तर इंटरसेप्ट आपण घालायचा, 'अ‍ॅड_कॉन्स्टंट'नं. विसरलात तर आर-वर्ग सरासरी वजा न करता काढला जातो आणि फसवा मोठा दिसतो. सूत्र लिहून दिलं तर इंटरसेप्ट आपोआप येतो. सायकिट-लर्नही तो घालतं, पण प्रमाण त्रुटी आणि पी-मूल्यं देत नाही.
नमपायचं 'एलएसटीएसक्यू' एसव्हीडीवर (मॅट्रिक्स फोडायची दुसरी पद्धत) चालतं. आर जिथे एनए दाखवतं तिथे हे भार रकान्यांत वाटून टाकतं आणि काहीच बोलत नाही. सोबत मिळणारी रँक (स्वतंत्र रकान्यांची संख्या) तपासल्याशिवाय सहगुणकांवर विश्वास ठेवू नये.

सी, लॅपॅक
लॅपॅक या लायब्ररीतलं 'डीजेल्स' पूर्ण रँक (सगळे रकाने स्वतंत्र) गृहीत धरतं. शंका असेल तर 'डीजेल्सवाय' घ्या. लॅपॅक ज्यात लिहिलंय ते फोरट्रान मॅट्रिक्स रकान्यांनी साठवतं, सी ओळींनी. लॅपॅकईला (लॅपॅकचं सी रूप) ओळींचा क्रम सांगितलात तर एलडीए (साठवणीतली लांबी सांगणारा आकडा) म्हणजे रकान्यांची संख्या, इथे ७ (६ चलं आणि इंटरसेप्ट). उत्तर बी मध्येच (जिथे रोजगाराचे आकडे दिले तिथेच) परत येतं: पहिल्या ७ जागी सहगुणक, उरलेल्या ९ जागांच्या वर्गांची बेरीज म्हणजे रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज. मूळ ए (चलांचं मॅट्रिक्स) पुसला जातो, आधी प्रत काढा.

कुठल्याही भाषेत हातानं लिहिणाऱ्यांसाठी
पुस्तकातलं सूत्र, म्हणजे एक्स-ट्रान्स्पोज-एक्सचा व्यस्त (एक्स म्हणजे चलांचं मॅट्रिक्स), तसंच टाइप करू नका. त्या गुणाकारात कंडिशन नंबरचा (चूक किती फुगू शकते त्याचं माप) वर्ग होतो. स्टॅट्समॉडेल्स लाँगलीसाठी वर्ग होण्याआधीचाच नंबर ४.८६ई+०९ (सुमारे ४८६ कोटी) दाखवतं. रकाने एकाच मोजपट्टीवर आणले की आकडा बराच उतरतो, पण साध्या फ्लोटमध्ये (सुमारे ७ अंकी अचूकता) तरीही टिकाव लागत नाही. डबल (सुमारे १५ अंकी) आणि क्यूआर, एवढं किमान हवंच.
रेसिड्युअलचं विचलन २२८.६४ आलं तर भागाकार १६ नं झालाय. भागायचं स्वातंत्र्यमात्रेनं: १६−६−१ (नोंदी वजा चलं वजा इंटरसेप्ट), म्हणजे ९.

एक्सेल
लाइनेस्ट हे फंक्शन सहगुणक उलट्या क्रमानं देतं: शेवटच्या चलाचा आधी, इंटरसेप्ट अगदी उजवीकडे. सगळी चलं लागोपाठच्या रकान्यांत हवीत. जुन्या आवृत्तीत ५ ओळी आणि ७ रकाने निवडून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबा. आर-वर्ग तिसऱ्या ओळीत पहिला.