अनुभव धागा: नव्या सीझनमधून ॲनिमे निवडता तरी कसे?

नऊवारी निंजा

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. वर्षातून चार वेळा जपानी वाहिन्या नव्या ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका सुरू करतात आणि चार वेळा आमच्या घरात "या खेपेला काय?" यावरून जुंपते. एका खेपेला पन्नासच्या आसपास नव्या मालिका, भाग साधारण २४ मिनिटांचा. नुसते पहिले भाग बघायचे म्हटले तरी वीस तास गेले. नोकरी आणि घर सांभाळून माझ्या वाट्याला चार मालिका येतात, फार तर पाच.

पोस्टर मी बघतच नाही, ती सगळ्यांचीच देखणी असतात. स्टुडिओच्या नावावरही जात नाही, कारण एकाच स्टुडिओत चार वेगवेगळे चमू काम करत असतात. मी दिग्दर्शक बघते. २०२२ च्या ऑक्टोबरात चेनसॉ मॅन, ब्लीच, मॉब सायको अशी बडी धेंडं एकदम आली होती. त्या गर्दीत 'बोच्ची द रॉक' ही गिटार वाजवणाऱ्या बुजऱ्या मुलीची बारा भागांची मालिका मैत्रिणीच्या आग्रहाने लावली आणि केइइचिरो साइतो हे नाव टिपून ठेवलं. पुढच्या वर्षी 'फ्रीरेन'च्या माहितीत तेच नाव दिसलं, मग बाकी काही वाचलंच नाही. एक धमाल विनोदी, दुसरी संथ आणि हळवी. पण पात्र गप्प असताना त्याच्याकडे नुसतं बघत राहायची हातोटी दोन्हीकडे तीच.

फ्रीरेन तिकडे शुक्रवारी रात्री अकराला लागायची, म्हणजे आपल्याकडे साडेसात. सासूबाईंच्या मालिकेची ऐन वेळ. त्यामुळे ती नेहमी शनिवारीच बघितली.

तुमची चाळणी काय? सविस्तर लिहा. यादी नको, अनुभव हवेत.

तिखट शेव

तीन भागांचा नियम, दुसरं काय! २०११ च्या जानेवारीत 'मादोका मॅजिका' आली. पहिले दोन भाग गोग्गोड जादूगार मुली, गुलाबी रिबिनी, केक आणि चहा. तिसऱ्या भागात काय होतं ते सांगत नाही, पण ज्याने दुसऱ्यावर बंद केली त्याने काहीच बघितलं नाही. तेव्हापासून कुठलीही मालिका असो, तीन भाग देतो. चौथ्याला मात्र दयामाया नाही.

मोजे हरवलेला

@तिखट शेव, या नियमाने 'स्टाइन्स;गेट' कधीच मेली असती. चोवीस भाग, त्यातला निम्मा वेळ प्रयोगशाळा म्हणवणाऱ्या खोलीत टाइमपास. आणि मग असा काही फास आवळतो की रात्र जाते.

म्हणून मी चालू सीझन बघतच नाही. सगळ्यांचं बघून होऊ दे, भांडणं होऊ देत, मग मी सावकाश उघडतो. २०२३ च्या जुलैत 'झॉम १००'चा पहिला भाग बघून लोक वेडे झाले होते. नोकरीने पिळून निघालेला पोरगा, जगात झॉम्बी येतात आणि त्याला आनंद कशाचा, तर आता ऑफिसला जायला नको! मस्तच कल्पना. पण काम वेळेत होईना, भाग पुढे ढकलले गेले आणि शेवटचे तीन थेट डिसेंबरच्या अखेरीस आले. मंडळी हात चोळत बसली. मी जानेवारीत सगळी सलग बघितली.

तोटा एकच, तोवर कोण मेलं ते आधीच कळलेलं असतं.

कोथरूडची कावाई

माझी चाळणी परीक्षेची आहे. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा जुलैच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नेमका नवा सीझन सुरू होताना. त्यामुळे जपानी शिकणाऱ्या आमच्या कंपूत एकच निकष: कानाला उपयोगी काय? तलवारी आणि राक्षस बाद. सामुराईंसारखं वर्गात बोलले तर सेनसेई बाहेर काढतील. शाळा, ऑफिस, दुकान, स्वयंपाकघर असलं काहीतरी हवं.

असंच 'स्किप अँड लोफर' हाती लागलं, एप्रिल २०२३. इशिकावाच्या एका कोपऱ्यातून तोक्योत शिकायला आलेली हुशार मुलगी. पहिल्याच दिवशी लोकलच्या गोंधळात रस्ता चुकते, धावतपळत पोचते, भाषण दणक्यात ठोकते आणि उतरल्यावर बाईंच्या अंगावर ओकते. मी लातूरहून पुण्यात आलेली, त्यामुळे हसू की रडू असं झालं. एक भाग दोनदा बघते: आधी सबटायटल लावून, मग झाकून.

उशिराची लोकल

ओपनिंगचं गाणं ऐकायचं. आवडलं तर बघायचं. संपला विषय.

निशीकासाईकर

तोक्योतून लिहितोय, इथली गंमत सांगतो. बहुतेक ॲनिमे मध्यरात्रीनंतर लागतं. वेळापत्रकात २५:३० असं छापलेलं असतं, म्हणजे रात्रीचा दीड. त्या वेळी जाहिरातींतून किती पैसा येणार? पैसे घालते ती निर्मिती समिती: मांगाचा (जपानी चित्रकथांचा) प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणीवाले वगैरे. त्यांच्या दृष्टीने मालिका ही पुष्कळदा पुस्तकाची लांबलचक जाहिरात असते. स्टेशनजवळच्या पुस्तकाच्या दुकानात शिरलं की दिसतं: दर्शनी टेबलावर चळत, प्रत्येक पुस्तकाच्या कमरेला कागदी पट्टा आणि त्यावर ठळक अक्षरात, टीव्ही ॲनिमे येतंय.

म्हणून बारा भाग संपतात तेव्हा गोष्ट ऐन रंगात आलेली असते आणि पुढचं पुस्तकात वाचा. मला ते सहन होत नाही. त्यामुळे मी पुस्तकावर न बेतलेल्या मालिका आधी बघतो. 'ऑड टॅक्सी' (२०२१) तेरा भागांत गाठ मारते आणि सोडवतेही. अंटार्क्टिकाला निघालेल्या चार मुलींची 'अ प्लेस फर्दर दॅन द युनिव्हर्स' (२०१८) तशीच. त्यातला न वाचलेल्या मेलचा प्रसंग ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

पुस्तकावरचं बघायचंच असेल तर निर्माते त्याच्यावर किती खर्च करताहेत ते बघा. फ्रीरेनचे पहिले चार भाग शुक्रवारी रात्री नऊला, सिनेमाच्या वेळेत, सलग दोन तास दाखवले होते. उगाच कोणी ती वेळ देत नाही.

नऊवारी निंजा

@निशीकासाईकर, पट्ट्याची माहिती झकास! आणि तो मेलचा प्रसंग... नको, परत बघावा लागेल.

आईसाहेब नाशिक

लेक सहावीत आहे, म्हणून माझी चाळणी वेगळी. पहिला भाग मी एकटी बघते, पोरं झोपल्यावर. रक्तापेक्षा मला मुलींच्या चित्रणाची धास्ती. चांगली चाललेली गोष्ट अचानक अंघोळीच्या प्रसंगात शिरते आणि आपण रिमोट शोधतो. 'स्पाय फॅमिली' हिंदीत मिळाली आणि सुटले. आता शेंगदाणे बघितले की लेकीला त्यातली शेंगदाणेवेडी आन्या आठवते.

अर्धवट ओताकू

लांबलचक नावांना सगळे हसतात, पण माझा वेळ त्यांनीच वाचवलाय. मेल्यावर व्हेंडिंग मशीन होऊन पुन्हा जन्मलो आणि आता भुयारात भटकतोय, अशा अर्थाचं नाव असलेली मालिका खरोखर आहे. नावातच सगळी कथा. बघायची की नाही, दोन सेकंदांत ठरतं. (बघितली. बरी आहे.)

होस्टेल खोली तीन

आम्ही सहा जण वाटून घेतो. नव्या मालिकांचा तक्ता आला की चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या वाट्याला जे येईल त्याचे पहिले भाग त्याने बघायचे. रविवारी मेसमध्ये जेवताना निकाल. गुण द्यायचे नाहीत, कारण पहिल्या आठवड्यात गुण देतात ते पुस्तकाचे भक्तच, सगळीकडे नऊच्या वर. कथाही सांगायची नाही. प्रश्न एकच: दुसरा भाग आला तेव्हा तू आपणहून लावलास का? "हो, पण..." असं उत्तर आलं की ती मालिका बाद. मागच्या खेपेला मला सगळ्या रोबोटवाल्या आल्या होत्या. यंदा चिठ्ठ्या मी करणार आहे.