दीपा मेहतांचे चित्रपट: तुमचा अनुभव सांगाल?

रातराणी:
गेल्या रविवारी लेकीबरोबर दीपा मेहतांचा काशीच्या विधवांवरचा 'वॉटर' पुन्हा पाहिला. घाटाच्या पायऱ्या दिसताच तिने विचारले, "आई, हे काशीत नेमके कुठे?" हा घाट श्रीलंकेतला आहे, हे सांगताना मला २००० सालच्या सुरुवातीची वर्तमानपत्रे आठवली. वाराणसीत जमावाने सेट मोडला होता आणि भूमिकेसाठी मुंडण केलेल्या शबाना आझमी व नंदिता दास यांची छायाचित्रे आली होती. अमृतसरला जन्मलेल्या आणि १९७३ मध्ये कॅनडात गेलेल्या या दिग्दर्शिकेने चार वर्षांनी, नवे कलाकार घेऊन, 'रिव्हर मून' अशा खोट्या नावाखाली तोच चित्रपट पूर्ण केला. त्या चिकाटीने मी आजही भारावून जाते. तुम्ही त्यांचे चित्रपट कधी, कुणाबरोबर पाहिलेत?

अंधेरीकर:
'फायर' आईबरोबर पाहिला, १९९८च्या नोव्हेंबरात. डिसेंबरात मुंबई-दिल्लीतल्या चित्रपटगृहांवर हल्ले झाले, चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि काहीही न कापता परत आला. गदारोळ त्यातल्या दोन जावांच्या प्रेमावरून झाला, पण आईच्या मनात राहिली ती मुक्या सासूच्या हातातली घंटा. माझी आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा आईने अकरा वर्षे तशाच घंटेला ओ दिली होती. घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

चाफा:
माझ्या आजीची आत्या नवव्या वर्षी विधवा झाली. 'वॉटर'मधल्या विधवा पांढऱ्या वस्त्रांत आहेत. आमच्या आत्या शेवटपर्यंत लाल आलवणात, म्हणजे विधवेच्या लुगड्यात होत्या आणि दर महिन्याला न्हावी मागच्या पडवीत येत असे. चित्रपटातल्या बालविधवा चुईयाचे केस उतरतात तो प्रसंग मला बघवला नाही, पण खरी रडले ती त्या म्हाताऱ्या विधवेला लाडू मिळतो तेव्हा. आत्यांना नवऱ्याचा चेहरा आठवत नव्हता, मात्र लग्नातल्या जिलबीचा रंग त्या ऐंशीव्या वर्षीही सांगत. चुईया झालेल्या श्रीलंकेच्या सरलाला हिंदी येत नव्हते, तिने संवाद नुसत्या उच्चारांवरून पाठ केले होते, हे कळल्यावर तर मी थक्क झाले.

ब्रॅम्प्टनकर:
इकडे कॅनडात 'वॉटर'चा अभिमान वेगळ्या कारणाने वाटतो. चित्रपट पाठवणाऱ्या देशाच्याच भाषेत असावा, ही ऑस्करची अट २००६ मध्ये गेली आणि कॅनडाने हिंदी 'वॉटर' पाठवला. त्याला नामांकन मिळाले. तोवर कॅनडाचे या विभागातले नामांकित चित्रपट फ्रेंचच होते. परंतु माझ्या जवळचा चित्रपट म्हणजे 'हेवन ऑन अर्थ' (२००८). त्यात प्रीती झिंटा लग्न होऊन आमच्याच ब्रॅम्प्टन गावात येते, लाँड्रीत राबते आणि माणसांनी गच्च भरलेल्या घरात नवऱ्याचा मार खाते. इकडच्या पहिल्या हिवाळ्यात मी अशाच लाँड्रीत रात्रपाळी केली, तेव्हा बाजूच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालणारी एक बाई थर्मोस्टॅट वाढवलेला असतानाही गळ्याभोवतीची शाल काढत नसे. त्या शालीचे कारण मला हा चित्रपट पाहिल्यावर उमगले, आणि तेव्हा विचारले नाही याची खंत अजून आहे.

रातराणी:
ब्रॅम्प्टनकर, हा चित्रपट मी पाहिलेला नाही, आता नक्की पाहीन. चाफा, तुमच्या आत्यांविषयी लेकीला वाचून दाखवले. आलवण म्हणजे काय, हे मला समजावून सांगावे लागले. मग तिने लाडूचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.