कायोटीसाठी तोंडानं वाजवायचा कॉल घेऊ की इलेक्ट्रॉनिक मशीन?

लानोकर (१४ एप्रिल, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी. टेक्ससमध्ये लानो गावाच्या उत्तरेला गेल्या वर्षी आम्ही २२ एकर जागा घेतली. नोकरी ऑस्टिनला, त्यामुळे शुक्रवारी रात्री जायचं नि रविवारी संध्याकाळी परतायचं. १४ बोअर जातीच्या शेळ्या आहेत, आठवडाभर शेजारचे म्हातारे रँचर नजर ठेवतात. मार्चमध्ये सहा शेळ्या व्यायल्या, ११ करडं झाली. त्यातली ३ गेली. म्हातारबुवा म्हणाले, कायोटी, म्हणजे इकडचा लांडग्याचा धाकटा भाऊबंद. रात्री त्यांचं ओरडणं तर आम्हाला घरातून ऐकू येतंच.

म्हातारबुवांच्या शर्टाच्या खिशात एक लाकडी पुंगी असते. त्यांनी ती एकदा वाजवून दाखवली, तर ससा जिवाच्या आकांतानं रडतोय असा आवाज, जो ऐकून कायोटी आयतं खाणं समजून जवळ येतो. माझी मुलगी घाबरून घरात पळाली. मग मी दुकानात गेलो, तिथे २० डॉलरच्या पुंगीपासून ५०० डॉलरच्या स्पीकरपर्यंत सगळं मांडलेलं. रीमोट काय, शेकडो आवाज काय. विक्रेता अर्थातच मशीनचे गुण गात होता. बायको म्हणते, तेवढ्या पैशात चार शेळ्या येतील.

शिकारीचं लायसन्स आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झालाय (१९७१ च्या २ सप्टेंबरला किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे सक्तीचा). बंदूक चालवता येते, पण कॉल करून जनावर बोलावणं कधी केलेलं नाही. नवख्यानं काय घ्यावं? मारावं की मारू नये हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

नेब्रास्काचा_गारठा (१५ एप्रिल, सकाळी ७:०५)

मशीन घ्या, विषय संपला. मी जानेवारीत बसतो, त्यांच्या माजाच्या दिवसांत. उणे १५ सेल्सियसला क्लोज्ड रीडच्या, म्हणजे पत्ती आत बंद असलेल्या पुंगीत चार फुंका मारल्या की श्वासातलं पाणी पत्तीवर गोठतं आणि सशाच्या जागी नुसती हवा निघते. पुंगी काखेत धरून ऊब देत बसायचं की शिकार करायची? बॅटऱ्याही थंडीत लवकर बसतात हे खरं, पण जादा जोडी खिशात ठेवता येते. शिवाय दोन्ही हात बंदुकीवर राहतात.

---

माणदेशी_सॅन_अँजेलो (१५ एप्रिल, रात्री ९:२०)

लानोकर, आधी मला एक सांग. ती करडं तू स्वतः बघितलीस, की म्हातारा म्हणाला म्हणून कायोटी? कायोटी बहुतेक वेळा नरडं धरतो, जबड्याच्या मागे. कातडी सोलून बघितली तर सुळ्यांची भोकं नि साकळलेलं रक्त दिसतं. कान, मागच्या मांड्या, शेपूट असं कुठंही फाडलेलं असेल तर ते गावातलं मोकाट कुत्रं. आणि डोळे, जीभ, बेंबी गेली असेल तर वर बघ, काळं गिधाड बसलेलं असेल. ते ताजं जन्मलेलं करडू उभं राहायच्या आत टिपतं, आणि त्याला केंद्राच्या कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. चोर कोण ते न बघता पुंगी घेऊन बसलास तर भलताच मरेल आणि करडं जायची ती जातीलच.

समज, कायोटीच आहे. मग माझं ऐकशील तर आधी पुंगी. मशीन नंतर. आणि मशीन आलं तरी पुंगी गळ्यातच राहिली पाहिजे. मी १९९८ साली इकडं आलो, दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम, आणि २००५ पासून साठेक बोअर शेळ्या. दोन्ही भरपूर वापरलंय.

लोक आवाजाच्या दर्जावर भांडतात. तो मुद्दाच नाही. २० डॉलरच्या पुंगीतून निघालेलं रडणं कायोटीला पुरतं. मुद्दा त्याच्या डोळ्यांचा आहे. आवाज नेमका कुठून आला हे त्याला पाव मैलावरून कळतं, झुडूप न् झुडूप सांगावं इतकं. तू पुंगी वाजवलीस की तो येतो तो तुझ्या तोंडाकडे बघत. त्यात तुझा हात हलतोय, पुंगीसमोर तळवा उघडतोय-मिटतोय. नाक खाजवलंस की खेळ संपला. मशीन ४०-५० पावलांवर ठेवलं की त्याचे डोळे तिकडे. तू इकडे अंग जरा सावरून घेऊ शकतोस. ५०० डॉलर मोजायचे ते एवढ्यासाठी, शेकडो आवाजांसाठी नव्हे. त्यातले पाच-सहाच वाजवले जातात.

मग नवख्याला पुंगी का म्हणतोय? कारण मशीन असलं की माणूस बसायचं शिकत नाही. बटण दाबलं, आला नाही, दुसरा आवाज लाव, तिसरा लाव, टीव्हीचे चॅनेल बदलल्यासारखं. पुंगी वाजवताना छाती भरून येते, त्यामुळे आपोआप थांबायला लागतं. अर्धा मिनिट रडायचं, दोन-तीन मिनिटं गप्प. त्या गप्प राहण्यात कायोटी येतो. आणि सगळ्या तालुक्यात तोच रेकॉर्डवरचा ससा रडायला लागला की शहाणे कायोटी तो ओळखून दूर बसतात. तुझ्या फुंकेतला ससा जगात एकच.

हे माझं आजचं शहाणपण. २००६ च्या हिवाळ्यात मी मेस्किटाच्या बुंध्याला पाठ लावून अर्धा तास बेंबीच्या देठापासून फुंकत होतो. समोर काही नाही. उठलो, मागे वळलो, तर दहा-बारा पावलांवर मऊ मातीत ताजे ठसे. तो वाऱ्याच्या अंगानं मागून येऊन, माझा वास घेऊन, मला बघून गेलेला. कदाचित हसतही असेल.

वारा हेच खरं. कायोटी आवाजाकडे सरळ क्वचितच येतो, वळसा घालून जिकडे वास वाहत जातो त्या बाजूला जातो, मग शिरतो. म्हणून वारा डाव्या किंवा उजव्या कानावर घेऊन बस. मशीन असेल तर ते वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेव, म्हणजे मशीनचा वास घ्यायला तो वळला की तुझ्यासमोरूनच जाईल. आणि वास वाहतो त्या अंगाला उघडी जागा पाहिजे, सीडरची दाटी नको. बसायला जाताना गेट आपटू नको, गाडी टेकाडामागे लाव. निम्मे कायोटी गाडीच्या दारापाशीच हुकतात.

आता पुंगीचं. दोन जाती. क्लोज्ड रीडमध्ये पत्ती आत बंद, जत्रेतल्या पिपाणीसारखी, शेंबड्या पोरालाही वाजते. पण सूर एकच. ओपन रीडमध्ये पत्ती उघडी, तिच्यावर ओठ किंवा दात कुठं टेकवतोस त्यावर सूर चढतो-उतरतो, सनईवाल्याचं असतं तसं. तिच्यावर ससा, उंदीर, पाखरू, पिल्लू, कायोटीचं भुंकणं सगळं निघतं, पण दोन महिने घरातले शिव्या देतील. गारठा म्हणतात तसं क्लोज्डमध्ये गोठायचा त्रास जास्त, ओपनची पत्ती बोटानं पुसता येते. लानोला मात्र गोठण्याची चिंता कमीच. सुरुवात हळू आवाजात कर. दोनशे यार्डांवरच्या झुडपात तो आधीच झोपलेला असेल आणि तू पहिल्याच फुंकेला कानठळ्या बसवल्यास तर तो उलट पळेल.

शेवटच्या पन्नास पावलांत पुंगीही खाली. ओठ दुमडून उंदरासारखं चुकचुक करायचं. आमच्या माणदेशात लहानपणी मी फासेपारध्यांना तोंडानं तितर बोलावताना बघितलंय, नुसती जीभ नि ओठ. वन्यजीव संरक्षणाचा कायदा ७२ सालीच झाला होता, पण माळावर पोचायला त्याला वेळ लागला. इथं आल्यावर कळलं की मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी पुंग्या विकून नाव कमावलं, आणि वेकोच्या जॉनी स्ट्यूअर्टनं साठच्या दशकात ससे-पाखरांचं रडणं चक्क ग्रामोफोनच्या तबकड्यांवर विकलं. म्हणजे तुझं भांडण साठ वर्षं जुनं आहे.

मशीनची एक गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. नवं कोरं, सुतारपक्ष्याचं रडणं लावलं, आवाज वाढवला आणि रीमोट हातातून निसटून निवडुंगात. आवाज कमी करायला बटण नाही, उठता येत नाही, कारण समोर दोन कायोटी येऊन कुत्र्यासारखे ढुंगणावर बसलेले. काटे टोचत टोचत हात घातला, रीमोट काढला, बटण दाबलं तर मशीन ऐकेना. शेवटी ते दोघंच कंटाळून गेले. त्या दिवसापासून रीमोट दोरीनं मनगटाला बांधतो.

कायद्याचं एवढंच: टेक्ससमध्ये कायोटीला वर्षभर मोकळीक आहे, इलेक्ट्रॉनिक कॉलही चालतो. पण तोच कॉल बदकं किंवा होल्यांना लावलास तर पकडतील. दुसऱ्या राज्यात जाशील तर तिथले नियम आधी वाच, ते फार वेगळे असतात.

---

पायरेनीजवाली (१६ एप्रिल, सकाळी ६:५०)

वाद नको म्हणालात म्हणून वाद घालत नाही. फक्त वेळापत्रक बघा. एप्रिल-मे म्हणजे त्यांचीही पिल्लं बिळात. खाणारी तोंडं वाढतात तेव्हाच नर-मादी करडांवर येतात. तुमची करडं मात्र सोमवार ते शुक्रवार एकटी. शनिवारी पहाटे पुंगी वाजवून मंगळवारच्या रात्रीचं काय होणार?

आमच्याकडे कोलोरॅडोत ४० मेंढ्या आणि राखणीला दोन ग्रेट पायरेनीज कुत्रे. व्यायच्या दिवसांत रात्री गोठ्यात कोंडणं, कुंपणाखालची उकरलेली भोकं बुजवणं, मेलेलं जनावर आणि जार लगेच उचलणं. जार पडून राहिला तर तुम्हीच आमंत्रण दिलंत. पुंगी कुठली घ्यायची ते माणदेशी दादांनी सांगितलंच आहे, त्यात मला गती नाही.

---

लानोकर (१६ एप्रिल, रात्री १०:१५)

@माणदेशी काका, दोन करडं सापडलीच नाहीत. तिसऱ्याचं नरडं तुम्ही म्हणता तसंच, चार भोकं. ती रात्र मोकळ्या कुरणातली होती, ताई. जारही आम्ही उचलला नव्हता, कुणी सांगितलंच नाही. दोन शेळ्या अजून व्यायच्यात, त्या आजपासून गोठ्यात.

किती वेळ बसायचं एका जागी?

---

माणदेशी_सॅन_अँजेलो (१६ एप्रिल, रात्री १०:३०)

वीस मिनिटं. घड्याळ लावून. बारा मिनिटांनी तुला वाटेल की इथं काही नाही. बस.

पायरेनीजवाल्या ताईंचं खरं आहे, माझ्याकडेही एक गाढवीण आहे राखणीला. कायोटी दिसला की ती लाथा घेऊन धावते. तिला बॅटरी लागत नाही.

---

नेब्रास्काचा_गारठा (१७ एप्रिल, सकाळी ७:१०)

ओपन रीडची पत्ती पुसता येते हे मान्य. हातमोजे काढून पुसून दाखवा.

---

लानोकर (२३ ऑगस्ट, दुपारी १:३०)

धागा वर काढतोय. उशिरा व्यायलेल्या दोन्ही शेळ्यांची चारही करडं गोठ्यात वाढली, शाबूत आहेत. कुत्र्याचं पिल्लू यायचंय, रांगेत नाव आहे.

२० डॉलरचा ओपन रीड घेतला. ऑस्टिन ते लानो हायवे ७१ वर गाडीतच सराव. तिसऱ्या आठवड्यात मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, तो ससा अजून मेला नाही का?" तेव्हा कळलं की जमायला लागलंय.

आजवर सहा वेळा बसलो. पहिल्या तीन वेळा शून्य. चौथ्यांदा एक करडा कोल्हा आला, झाडावर चढून बसला, मी बघतच राहिलो. पाचव्यांदा पंधराव्या मिनिटाला उठलो, काका, तुमचं ऐकलं नाही. कपड्यांवरची धूळ झाडतोय तोवर टेकाडावरून एक कायोटी निवांत खाली येत होता. दोघंही दचकलो.

काल पहाटे सहावी वेळ. वारा दक्षिणेचा, उजव्या कानावर. हळू सुरुवात, मग गप्प. अठराव्या मिनिटाला ८० यार्डांवर दिसला, बारीकसा, उंच कानांचा. मी पुंगी खाली ठेवायला हात हलवला आणि त्यानं थेट माझ्याकडे बघितलं. अगदी तुम्ही लिहिलंय तसं. बंदूक खांद्याला लागेपर्यंत तिथे फक्त गवत हलत होतं.

बायकोला चार शेळ्यांचा हिशेब अजून पाठ आहे. तुमचं मशीन महिनाभर उसनं मिळेल का? लेबर डेच्या वीकएंडला ब्रेडी गावात बोकडाच्या बार्बेक्यूची स्पर्धा असते, आम्ही येणार आहोत. तुम्हालाही अर्ध्या वाटेवर पडेल.

---

माणदेशी_सॅन_अँजेलो (२३ ऑगस्ट, रात्री ८:००)

देतो. रीमोटची दोरी सोडायची नाही. बॅटऱ्या तुझ्या.