पेठांचं फुटबॉल

कुणीतरी लिहिलंय, मुंबई सोडली तर महाराष्ट्रात क्लब फुटबॉल आहेच कुठं? कोल्हापूरला या की राव! इथं केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमधल्या कितीतरी संघांची नावं तालमींची: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. कुस्तीवाल्या गावात तालमीच फुटबॉल संघ उतरवतात, हे बाहेरच्यांना पटत नाही. क्लबला शेठ-मालक नाही, पेठेचा जीव असतो त्यात. शाहू स्टेडियमवर गर्दी खच्चून. ईर्षेपायी हाणामाऱ्याही होतात, ते मात्र लाजिरवाणं. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. अलीकडं संघ परदेशी खेळाडू आणतात. मला विचाराल तर त्या पैशात पेठेतल्या पोरांना चांगला प्रशिक्षक ठेवावा.