मदत हवी आहे: इलेक्ट्रोड पोटेंशियलची बेरीज कुठे चालते, कुठे नाही?

इलेक्ट्रोकेमिकल सिरीजपाशी, म्हणजे कोण इलेक्ट्रॉन किती ओढतो ते व्होल्टमध्ये सांगणाऱ्या तक्त्यापाशी, अडकलेय. जस्त-चांदीच्या सेलमध्ये चांदीची हाफ रिअ‍ॅक्शन (इलेक्ट्रॉन घेण्याचं अर्धं समीकरण) दोनने गुणायची, पण तिच्या 0.80 व्होल्टला हात लावायचा नाही, हे पाठ आहे. 0.80 मधून उणे 0.76 वजा केले की 1.56 व्होल्ट. उत्तर बरोबर येतं, म्हणून कधी 'का' विचारलंच नाही.

आता लोखंडाने घात केला. फेरिकचं (Fe³⁺) फेरस (Fe²⁺) होताना +0.77, फेरसचं लोखंड होताना −0.44. मग फेरिकपासून थेट लोखंड? मी सरळ बेरीज केली, +0.33. तक्त्यात −0.04! चिन्हच उलटं. छपाईची चूक समजून दुसरा तक्ता काढला, तिथेही तेच. सूत्र नको, ते आहे माझ्याकडे. कारण सांगा.

प्रतिसाद १
दोन्ही कोडी एकाच गाठीची आहेत. व्होल्ट म्हणजे ज्यूल भागिले कूलॉम. दर आहे तो, वेगासारखा. दुप्पट वेळ चाललात म्हणून वेग दुप्पट होत नाही, ही तुमची चांदी. आणि दोन टप्प्यांच्या वेगांची बेरीज म्हणजे अख्ख्या प्रवासाचा वेग नव्हे, हे तुमचं लोखंड.

बेरीज होते ती ऊर्जेची. पहिल्या टप्प्यात एक इलेक्ट्रॉन, 0.77. दुसऱ्यात दोन, म्हणजे −0.88. मिळून −0.11, आणि ते तीन इलेक्ट्रॉनांत वाटलेलं. भागून बघा.

मूळ प्रश्नकर्ती
−0.037. अरेच्चा! पण मग सेलमध्ये असं काहीच न करता मी सुटते कशी?

प्रतिसाद १
जस्त सोडतं तेवढेच इलेक्ट्रॉन चांदी घेते. दोनने गुणायचं, दोननेच भागायचं, म्हणून ती पायरी कुणी लिहीत नाही. फेरिकच्या समीकरणात मात्र तीन इलेक्ट्रॉन शेवटपर्यंत उरतात.

प्रतिसाद २
जाता जाता: जुन्या अमेरिकन पुस्तकांत ऑक्सिडेशन पोटेंशियल (इलेक्ट्रॉन घेण्याऐवजी सोडण्याचं) देत, तिथे जस्तापुढे +0.76 दिसेल. तक्त्याचं शीर्षक आधी वाचा. मी एकदा अख्खा गृहपाठ उलट्या चिन्हांनी सोडवलाय.

मूळ प्रश्नकर्ती
तांब्यावर करून पाहिलं. क्युप्रिक (Cu²⁺) ते क्युप्रस (Cu⁺) 0.15, क्युप्रस ते तांबं 0.52. दोन्हींत एकेक इलेक्ट्रॉन, म्हणून नुसती सरासरी: 0.335. तक्त्यात 0.34. जुळलं!

प्रतिसाद १
आता तेच दोन आकडे पुन्हा बघा. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा आहे, म्हणजे क्युप्रस क्युप्रिकपेक्षा जास्त जोराने इलेक्ट्रॉन ओढतो, अगदी दुसऱ्या क्युप्रसकडूनही. म्हणूनच क्युप्रस आयन पाण्यात टिकत नाही, अर्ध्यांचं तांबं होतं आणि अर्ध्यांचं क्युप्रिक.