शब्दचर्चा : वाळा, खस आणि उन्हाळ्यातले वास

प्रश्न : माठात टाकतात तो वाळा आणि सरबताच्या बाटलीवर लिहिलेला ‘खस’ एकच का? खसखशीशी त्याचा काही संबंध आहे का? आणखी एक अडचण. वाळ्याचं पाणी म्हटलं की मे महिन्याची सुट्टी, आजोळ, ओसरी सगळं आठवतं, पण त्या वासाला नेमकं काय म्हणावं? ‘सुगंध’ म्हटलं तर फार होतं, नुसतं ‘वास’ म्हटलं तर पुरत नाही.

उत्तर : एकच. वाळा मराठी, खस हिंदी, उशीर संस्कृत. हे गवत आहे आणि वास फक्त मुळांना असतो, पात्यांना नाही. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. दोन्हींत फक्त उच्चार जवळचा, बाकी काही नाही.

दोन्ही वेगळे वाटतात ते रंगामुळे. मुळं भिजवून केलेलं सरबत फिकट पिवळसर-तपकिरी होतं. बाटलीतला हिरवागार रंग वरून घातलेला असतो. त्यामुळे घरचं ते ‘वाळ्याचं’ आणि हिरवं ते ‘खसचं’ अशी वाटणी होऊन बसली आहे.

पुण्यात मंडई-तुळशीबागेकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात मागताना ‘माठात टाकायचा पिवळा वाळा’ असं स्पष्ट सांगा. ‘काळा वाळा’ म्हणजे सुगंधबाला, ती वेगळी वनस्पती. औषधात चालते, पाण्याला ती मजा येत नाही.

पुरवणी : वापरायची रीतही सांगतो, कारण बहुतेकांचं तिथेच बिनसतं. आठ-दहा लिटरच्या माठाला 10 ते 15 ग्रॅम मुळं पुरे. मुळांच्या जाळीत माती अडकलेली असते. दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मग सुती दोऱ्याने जुडी बांधा किंवा मलमलीच्या पुरचुंडीत घाला. सुटी मुळं टाकली तर तुसं पेल्यात येतात. तीन-चार दिवसांनी जुडी काढून कडक उन्हात वाळवायची, पुन्हा वापरायची. मुळं हाताला बुळबुळीत लागली किंवा पाण्याला कुबट वास आला की फेकून द्या. ‘अजून वास आहे की’ म्हणत ठेवू नका, तो वास वाळ्याचा नसतो.

सरबतासाठी मुळं थेट खळखळ उकळू नका. रात्रभर भिजवा, सकाळी झाकण ठेवून मंद आचेवर एक उकळी आणा, गाळा, मग साखर. वाळ्याचं तेल जड असतं, ते सावकाश सुटतं. अत्तरासाठी ऊर्ध्वपातन करतानाही म्हणूनच भट्टी तासन्‌तास चालवावी लागते.

उत्तर : मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. विशेषण शोधताय म्हणून अडताय. मराठीत वासाची प्रत बरीचशी क्रियापदात असते. वास येतो, सुटतो, लागतो, मुरतो, दरवळतो, घमघमतो आणि ‘मारतो’. शेवटच्यात निवाडा लागलाच.

वाळ्याचा वास पाण्याला *लागतो*, नंतर *मुरतो*. ‘वाळा दरवळला’ हे माठाच्या बाबतीत खोटं वाटेल. ओल्या वाळ्याच्या पडद्यातून वारा आला तर मात्र चालेल, कारण तिथे वास हवेवर येतो.

मोगरा *दरवळतो*. टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या कळ्या दिवसा खुडतात, त्या संध्याकाळी उमलतात, आणि खुडल्यावरही फूल वास तयार करत राहतं. म्हणून गजरा घेताना मिटलेल्या कळ्यांचा घ्या. ओल्या फडक्यात गुंडाळा, वर पाणी शिंपडत बसू नका, पाकळ्या तपकिरी पडतात.

आढीतल्या आंब्यांचा *घमघमाट सुटतो*. एकट्या फळाचा घमघमाट होत नाही, त्याला ढीग लागतो.

शंका : आढी की अढी?

उत्तर : आंब्याची आढी, मनातली अढी. लिहिताना गल्लत होते खरी. आढी *घालतात*, अढी *बसते*.

घालताना भाताचा कोरडा पेंढा, खाली दोन-तीन इंच, वर आंब्यांचा एक थर, परत पेंढा. दोन-तीन थरांच्या वर जाऊ नका. पिकताना फळ स्वतः उष्णता सोडतं, मोठ्या ढिगात ती कोंडते आणि मधली फळं पिकण्याऐवजी उकडल्यासारखी होतात. दिवसाआड वरखाली करा, देठाशी काळं पडलेलं फळ (देठकूज) लगेच बाजूला काढा. हापूसला आठवडा-दहा दिवस धरा.

पुरवणी : आठवणीचा मुद्दा राहिला. ‘वासना’ हा शब्द आज बदनाम आहे, पण दर्शनग्रंथांत त्याचा अर्थ ‘अनुभवाचा मागे उरलेला संस्कार’ असा आहे, आणि तो समजावताना वास लागलेल्या तिळांचा दाखला देतात. फुलेल (फुलांचा वास दिलेलं तेल) करण्याची जुनी पद्धतच ती : सोललेल्या तिळांचा थर, फुलांचा थर, असं एकाआड एक. शिळी फुलं चाळून काढायची, ताजी घालायची, असं काही दिवस, आणि मग तीळ घाण्याला. फुलं काढायला उशीर झाला तर त्यांची ओल तिळात उतरते आणि तेल कुबट होतं. फूल जातं, वास तिळात राहतो. शरीरशास्त्रही फार वेगळं सांगत नाही : इतर संवेदना मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या भागातून जातात, वास मात्र आठवण आणि भावना सांभाळणाऱ्या भागांकडे जवळजवळ थेट पोहोचतो.

शंका : मग पहिल्या वळवाच्या सरीचा तो ‘मृद्गंध’?

उत्तर : छापील शब्द. बोलताना ‘मातीचा वास सुटला’. इंग्रजीतला ‘पेट्रिकोर’ तर 1964 साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी घडवलेला. ‘मातकट’ मात्र तिथे वापरू नका, ती पाण्याच्या किंवा भाजीच्या चवीची तक्रार आहे.

पुरवणी : आंबा घेताना देठाशी हुंगतात ते बरोबर. रंग आहे आणि देठाशी वास नाही, तर फळ कोवळं उतरवून कार्बाइडने पिवळं केल्याचा संशय घ्या (कार्बाइडवर बंदी आहे, तरीही). पण साका हुंगून कळत नाही. बाहेरून छान वास येणाऱ्या हापूसच्या आत पांढरट, आंबट गर निघू शकतो. झाडावर फार तयार होऊ दिलेल्या आणि उतरवल्यावर तापलेल्या जमिनीवर राहिलेल्या फळांत तो जास्त. म्हणून जाणकार ‘चौदा आणे’ तयार (पूर्ण तयार होण्याच्या जरा आधीचं) फळ उतरवतात आणि लगेच सावलीत नेतात.