शहरातलं रानपण : सोलापूरच्या माळावर थीसिस, कुठे चुकतंय?

पाचवं_वर्ष

नमस्कार. बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिसचा विषय 'अर्बन वाइल्डरनेस आणि नगररचना'. साइट जुळे सोलापूरच्या पलीकडे, १८ हेक्टर. त्यात ११ हेक्टर मुरमाड माळ, मधून पावसाळी ओढा, कोपऱ्यात बंद पडलेली दगडखाण (पाणी साचतं) आणि उरलेली काळी जमीन, सध्या पडीक. दोन बाजूंनी प्लॉटिंग येऊन टेकलंय.

माझा प्रस्ताव असा : १० हेक्टरवर मियावाकी (अतिदाट लावलेलं) जंगल, खाणीत बोटिंग, ओढ्याला दोन्ही बाजूंनी गॅबियन (जाळीत दगड भरलेली) भिंत, १२ मीटर उंच वॉचटॉवर आणि ४,००० चौ.मी.चं इंटरप्रिटेशन सेंटर. जंगलामुळे आजूबाजूचं तापमान कमी होतं हे उपग्रहाच्या नकाशावर दाखवायचं आहे. गाइड म्हणाले, "हे गार्डन झालं. रान कुठंय?" नेमकं काय बदलू? आणि हे सगळं डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) कुठे बसतं, तेही कळत नाहीये.

माळटिटवी

रान तुमच्या साइटवर आधीच आहे, तुम्ही ते काढून जंगल लावताय. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन बेसॉल्टवरची उथळ. इथलं मूळचं रान म्हणजे गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली काटेरी झाडं : कुसळी, पवना, मारवेल, मध्ये हिवर, बोर, तरवड, हिंगणबेट. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते अशाच माळावर, माळढोक पक्ष्यासाठी. तिथेही एकेकाळी 'हिरवाई' म्हणून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) लावलं गेलं आणि गवताची जागा गेली. तीच चूक थीसिसमध्ये नको.

मियावाकीचा हिशेब एकदा कागदावर मांडा. चौरस मीटरला ३ रोपं धरली तरी १० हेक्टरला ३ लाख रोपं. पाणी रोज चौरस मीटरला ४ लिटर धरलं तर दिवसाला ४ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ४० टँकर, आणि तेही पहिली दोन-तीन वर्षं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या जूरीपुढे (परीक्षकांपुढे) हा आकडा घेऊन उभं राहू नका.

आता तापमानाचा नकाशा. हा सापळा आहे. लँडसॅट उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. एप्रिल-मेमध्ये त्या वेळी वाळलेला माळ आणि नांगरलेलं काळं रान शहरापेक्षा जास्त तापलेलं दिसतं. म्हणजे तुमचाच नकाशा तुमच्या विरोधात जाईल. शहराची उष्णता धरून ठेवण्याची खोड रात्री दिसते, काँक्रीट हळूहळू निवतं तेव्हा. रात्रीचा मोडिसचा (उपग्रहावरच्या एका सेन्सरचा) डेटा मिळतो, पण त्याचा एक चौकोन १ किलोमीटरचा. १८ हेक्टरच्या साइटसाठी तो निरुपयोगी, शहराच्या पातळीवर चालेल. साइटवर चार लॉगर (आपोआप तापमान नोंदवणारी यंत्रं) लावा (माळ, ओढा, खाणीचा काठ, शेजारची कॉलनी), जमिनीपासून दीड मीटरवर, पांढऱ्या जाळीदार आवरणात. संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या वेळातला फरक मांडा, तोही थोडाच आला तर थोडाच सांगा.

एनडीव्हीआयचंही (उपग्रहावरून मोजलेल्या हिरवेपणाचंही) तसंच. फक्त एप्रिलची प्रतिमा घेतली तर माळ उजाड दिसतो. सरकारी वर्गीकरणातही झुडपी माळ 'पडीक' या सदरात पडतो. सप्टेंबरअखेरची आणि एप्रिलची अशा दोन सेंटिनेल उपग्रहाच्या प्रतिमा (१० मीटर रेझोल्यूशन) शेजारी ठेवा. दोन्हींत हिरवं ते झाडझाडोरा, फक्त पावसानंतर हिरवं ते गवत किंवा पीक, दोन्हींत कोरडं ते खडक किंवा बांधकाम. गवत आणि ज्वारी यात गल्लत होते, म्हणून १×१ मीटरच्या चौकटी टाकून प्रत्यक्ष पाहा. माळावर किमान ३०, ओढ्याकाठी १०. झुडपांना ५×५, झाडांना १०×१०.

भाग_नकाशा

डीपीबद्दल. आधी सातबारे काढा आणि महाभूनकाशावर (सरकारी ऑनलाइन नकाशावर) गटनंबर जुळवा. तुमच्या ११ हेक्टरांपैकी बराच भाग 'पोटखराब' म्हणून नोंदलेला निघेल. वर्ग अ म्हणजे खडक वगैरे, लागवडीला नालायक. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा असं सार्वजनिक कामाचं. महसुली भाषेत जे 'खराब', तेच तुमच्या विषयाचं काळीज. थीसिसच्या पहिल्या शीटवर सातबाऱ्याची भाषा आणि वनस्पतींची यादी एकमेकांसमोर लावा, निम्मा युक्तिवाद तिथेच होतो.

नियमांत अशी जागा आपोआप तयार होत नाही. २०२० च्या युनिफाइड डीसीपीआरप्रमाणे (बांधकाम नियमावलीप्रमाणे) ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. १ हेक्टरच्या लेआउटला १,००० चौ.मी. शेजारची ती प्लॉटिंग मिळून असे वीस तुकडे देतील, प्रत्येकात दोन घसरगुंड्या आणि पेव्हर ब्लॉक. त्यातून माळ होत नाही. मात्र नव्या लेआउटच्या त्या जागा तुमच्या सीमेला लागून सोडल्या तर आयता पट्टा मिळतो. हे नकाशावर दाखवा, फार कमी विद्यार्थी दाखवतात.

मुख्य जागेसाठी एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायदा १९६६. विकास आराखड्यात आरक्षण टाकता येतं (कलम २२), मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली. पण आरक्षण टाकलं म्हणजे काम झालं असं नाही. १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. म्हणून 'पैसे कुठून' याचं उत्तर हवंच. कलम १२६ मध्ये टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा घ्यायची सोय आहे. दुसरा मार्ग नगररचना योजना : सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करून प्रत्येकाला लहान पण रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड द्यायचा, मधला माळ सार्वजनिक ठेवायचा. तुमच्या साइटला हाच जास्त बसतो, कारण मुरमाड भागाला शेतीचं उत्पन्न नाही आणि कडेच्या जमिनीला भाव आहे.

आराखड्यात नाव 'उद्यान' ठेवू नका. उद्यान म्हटलं की पुढचा माणूस लॉन, कारंजं आणि हायमास्ट टाकतो. आरक्षणाचं नाव आणि त्याखाली काय करायला मनाई, हे दोन ओळींत तुम्हीच लिहून द्या.

पाचवं_वर्ष

खूप आभार दोघांचे. मियावाकी काढते. मग आर्किटेक्चर उरतं कुठे? जूरी म्हणेल डिझाइनच नाही. शिवाय केस स्टडी काय घेऊ? सध्या सगळी उदाहरणं सिंगापूरची आहेत.

रेती_मुरूम

सिंगापूर सोडा, तिथे वर्षभर पाऊस पडतो. जोधपूरचं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क घ्या. मेहरानगडाच्या पायथ्याशी ७० हेक्टर खडक, काम २००६ पासून. वेडी बाभूळ नुसती तोडली की बुंध्यापासून पुन्हा फुटते, म्हणून तिथे दगड फोडणाऱ्या कारागिरांनी छिन्नीने खडकातून मुळं काढली. तुमच्या काळ्या जमिनीतही वेडी बाभूळ असणारच, हा तपशील थेट उपयोगी. दुसरं बर्लिनचं झ्यूडगेलेंडे : १९५२ मध्ये बंद पडलेलं रेल्वे यार्ड, साधारण १८ हेक्टर (तुमच्याएवढंच!), २००० मध्ये खुलं झालं. तिथे उचललेल्या लोखंडी पायवाटेवरून चालायचं, खाली उतरायचं नाही. काही भागात गवत कापून मोकळं ठेवतात, नाहीतर सगळं झाडीने भरेल. बर्लिनचेच परिस्थितीकीतज्ज्ञ इंगो कोवारिक यांनी शहरी निसर्गाचे चार प्रकार मांडले : मूळ निसर्गाचा अवशेष, शेतीचा, बागेचा आणि पडक्या औद्योगिक जागेत आपसूक उगवलेला. तुमच्याकडे माळ पहिला, काळी जमीन दुसरा, खाण चौथा. तिसरा मुद्दाम आणू नका.

आता डिझाइन. चिकार आहे, फक्त लहान आहे.

इमारत ४,००० वरून ४०० चौ.मी.वर आणा आणि माळावर नको. खाणीच्या तोंडाशी जिथे खडी क्रशर आणि ट्रक उभे राहायचे, ती जागा आधीच दाबली गेलेली असते, तिथे ठेवा. शेजारच्या मातीच्या ढिगावर मात्र पाया घेऊ नका, तो भराव आहे, खचेल.

पायवाट १.८ मीटर, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडतात. मुरमावर शहाबादी फरशी नुसती अंथरली तरी बसते, पीसीसी (साधं काँक्रीट) नको. काळ्या मातीवर तेच केलं तर पहिल्या पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून फरश्या वाकड्या. तिथे ६०० मिमी खोदून मुरूम दाबून भरा, किंवा वाटच टाळा. बर्लिनसारखी लोखंडी वाट इथे नको, ४३ अंशांत कठड्याला हात लावता येणार नाही.

वॉचटॉवर काढा. सपाट माळावर १२ मीटरचा खांब म्हणजे कावळ्यांना टिटवी-चंडोलांची अंडी हेरायला बैठक. त्याऐवजी पक्षी पाहायचं लपण खोदा : मुरमात १.२ मीटर खोल, आत उभ्या असलेल्याची नजर जमिनीच्या वर ३०-४० सेंटिमीटर, वर गवती छत. या एका सेक्शनवर जूरी दहा मिनिटं थांबेल. आतलं पाणी काढायला तळाला १:५० उतार आणि उताराकडच्या टोकाला शोषखड्डा दाखवा. तो नसला तर जुलैत त्याचा हौद होतो.

ओढ्याला भिंती घातल्या की पाणी वेगाने पळतं आणि पुढची कॉलनी बुडते. आकडा काढा. २० हेक्टर पाणलोट, सहगुणक (पावसापैकी वाहून जाणाऱ्या पाण्याचा वाटा) ०.३, तासाला ५० मिमी पाऊस : ०.३ × ५० × २० ÷ ३६० = ०.८३ घनमीटर प्रतिसेकंद. एवढ्याला काठ १:३ उताराने मोकळे सोडले तरी पुरतं. मध्ये अनघड दगडांचे बांध, उंची पाऊण मीटर. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याला समपातळीत आला पाहिजे, म्हणजे ओढ्याचा उतार ३ टक्के असेल तर दर २५ मीटरला एक. कडांना जमिनीत अर्धा मीटर घुसवा, नाहीतर पाणी बाजूने काठ कापून नवीन वाट काढतं.

खाणीत बोटिंग नको. एक बाजू १:३ ने उतरती करा, म्हणजे पडलेलं जनावर किंवा माणूस बाहेर येऊ शकेल. उभे कडे तसेच ठेवा, शृंगी घुबड अशाच कपारीत घरटं करतं. कठडा काठापासून ३ मीटर मागे.

एका गोष्टीत माळटिटवींशी असहमत : रस्त्याच्या बाजूला दाट झाडीचा ८-१० मीटर रुंद पट्टा चालेल. गाड्यांचे दिवे आणि आवाज अडतो. लिंब, बाभूळ, हिवर घ्या, मियावाकीच्या दाटीने नको.

माळटिटवी

पट्टा चालेल, पण रस्त्याकडेच, माळाच्या बाजूला नको.

देखभालीचं वेळापत्रक जोडा, तेही डिझाइनच आहे. गवताचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा होतं, लगेच पेरलं तर नीट उगवत नाही. कोरडं साठवून मृगाच्या तोंडावर पेरा, हेक्टरी ५-६ किलो, माती-शेणाच्या गोळ्या करून. नुसतं फेकलं तर मुंग्या नेतात. गाजरगवत फुलायच्या आत, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलल्यावर उपटलं तर उपटतानाच बी पेरलं जातं. जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) डिसेंबरअखेर काढून ठेवा, ६ मीटर रुंद. मार्चमध्ये कुसळी एका बिडीने पेटते.

आणि कंपाउंड वॉल दाखवू नका. मेंढरं घेऊन धनगर तिथून जात असतील तर त्यांची वाट आधी नकाशावर आणा. माळाचे तीन भाग करा, दर वर्षी एक भाग पावसाळ्यात बंद, दोन चराईला. चराई पूर्ण थांबली की तरवड आणि बाभूळ वाढून गवत मागे पडतं. हद्दीला कोरड्या दगडांची मीटरभर ताल आणि वर शेराचं कुंपण. तालीत दर १५-२० मीटरला जमिनीलगत वीतभर फट ठेवा, घोरपड-मुंगसाला. मोकाट कुत्र्यांना ती फट पुरत नाही, पण कॉलनीचा कचरा सीमेवर पडला तर कुत्री तालीवरून उडी मारून येतात. म्हणून कचराकुंडीची जागाही तुमच्याच शीटवर असली पाहिजे, सीमेपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे.